ट्रिपल जेट म्हणे! पेटत एक नाही

हे स्वस्तातले सिगार लायटर बनवणारे लोक स्वतः कधी एखादा लायटर वापरतात का हो? म्हणजे बॉक्समधून काढून एकदा फुर्र करून दाखवायचा नाही, चांगला महिना दोन महिने वापरून, त्यात परत गॅस भरून, पावसापाण्यात खिशात घेऊन फिरून. मला नाही वाटत. वापरत असते तर असले नग बाजारात आलेच नसते.

बॉक्सवर वाचायला घ्या, नुसती जत्रा. ट्रिपल जेट, म्हणजे जोरात फुंकरीसारख्या निघणाऱ्या तीन ज्योती, विंडप्रूफ, 1300 डिग्री, मेटल बॉडी, खाली सिगारच्या टोकाला भोक पाडायचा पंच कटर फुकट. आणि टाकी केवढी? अंगठ्याच्या पेराएवढी! अरे तीन जेट लावलेत तर गॅस पण तिप्पट खाणार ना. सिगार म्हणजे सिगरेट नाही, काडी लावली झुरका मारला झालं. आधी टोक लांबून गोल फिरवत शेकायचं, कडा सगळीकडून लाल होईपर्यंत, मग ओढत ओढत पेटवायचं, आरामात वीस-तीस सेकंद जातात, त्यात मध्येच एक बाजू मागे राहिली की परत टचअप. आणि माझ्याकडच्या एका लायटरसोबत आलेल्या चिठोऱ्यावर काय छापलंय, तर 10 सेकंदांपेक्षा जास्त सलग पेटवू नये. सिगार लायटर आहे ना रे तो? मग काय उदबत्ती लावू त्याने?

बरं तीन जेट कशाला पाहिजेत हेच मला कळत नाही. जेटमध्ये गॅस पेटायच्या आधीच हवेत मिसळतो, म्हणून ती निळी ज्योत आणि तो घुर्र आवाज. त्यासाठी गॅस ज्या भोकातून येतो ते इतकं बारीक असतं की गॅसमधला जरासा तेलकट कचरा तिथे बसला की खेळ खल्लास. तीन जेट म्हणजे असली तीन भोकं, म्हणजे बोंबलायला तीन जागा. एक जेट मेला की बाकीच्या दोन ज्योती एका अंगाला, सिगार एकीकडून जळत जातो आणि दुसरीकडून कोरा. आणि विकणारा काय म्हणतो, साहेब दोन चालू आहेत की!

त्यात तो स्पार्क. हा तर माझ्या डोक्यातच जातो. बटण दाबलं की आत पिएझोच्या, म्हणजे ठोकला की वीज देणाऱ्या खड्यावर टिकली मारल्यासारखा टोला बसतो आणि एका बारीक तारेच्या टोकातून ठिणगी उडते. ती उडायला पाहिजे बरोबर गॅसच्या तोंडासमोर. पण स्वस्त लायटरमध्ये ती तार जरा वाकलेली असते नाहीतर तिच्यावर काजळी धरलेली असते, मग ठिणगी गॅसकडे जायच्या ऐवजी बाजूच्या पत्र्यावर उडी मारते. अंधारात नीट वाकून बघा, स्पष्ट दिसतं. गॅस सूं करून येतोय, ठिणगी चट करून उडतेय, दोघांची भेट मात्र नाही. टक टक टक टक. कापलेला सिगार तोंडात धरून बसायचं आणि टक टक करत राहायचं, समोरचे लोक बघतायत. मग सुईने तार जरा इकडे ढकलायची, नळीवाल्या हवेच्या कॅनने फुंकर मारायची, की दोन दिवस बरा चालतो. नंतर परत तेच.

आणि मग येतात सल्ले देणारे. पर्ज केला का? हो रे बाबा केला! ज्योतीचा स्क्रू मायनसला फिरवला, बारीक स्क्रूड्रायव्हरने खालचा व्हॉल्व्ह दाबून आतला उरलेला गॅस आणि अडकलेली हवा फुस्स होईपर्यंत सोडली, कारण ती हवा आतच राहिली तर नवीन गॅसला जागा मिळत नाही आणि ज्योत भकभक करते, हे सगळं मला पाठ आहे. लायटर उलटा, त्यावर गॅसचा कॅन उलटा, तिरपा न करता दाबायचा. आता इथे ते प्लॅस्टिकचे अडॅप्टर. कॅनच्या झाकणात चारपाच दिलेले असतात आणि एकही धड बसत नाही. अर्धा गॅस बाहेर, बोटं गारठून बधिर, कारण ब्युटेन उणे 0.5 डिग्रीलाच उकळतो, बोटावर पडला की तुमच्याच बोटाची ऊब घेऊन उडून जातो. मग लायटर परत नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत पाचदहा मिनिटं गप्प बसायचं, मग स्क्रू हळूहळू प्लसकडे. एवढा सोपस्कार एका लायटरसाठी! आणि तो स्क्रू तरी बोटाने फिरावा की नाही? नाही. त्याला पण वेगळा स्क्रूड्रायव्हर, त्याची खाच दोनदा फिरवली की झिजते.

गॅसचं तर विचारूच नका. पाच वेळा रिफाइन, सात वेळा रिफाइन, अकरा वेळा रिफाइन. कोण मोजायला बसलंय? चांगला गॅस वापरला तर भोक कमी तुंबतं हे खरं आहे, नाकारत नाही, पण चांगल्या गॅसच्या डब्याच्या भावात असला अजून एक लायटर येतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. यावर एका शहाण्याने मला सुचवलं की कॅम्पिंगच्या स्टोव्हचा गॅस भर, स्वस्त पडतो. अरे त्यात बऱ्याचदा प्रोपेन असतो! प्रोपेनचं प्रेशर ब्युटेनच्या चौपट असतं, लायटरची टाकी त्यासाठी बनवलेलीच नसते, हातात फुटला म्हणजे? असले सल्ले देणाऱ्यांच्या हातात आधी तो लायटर द्यायला पाहिजे.

लाइफटाइम वॉरंटी हा अजून एक विनोद. आयुष्य कुणाचं, माझं की लायटरचं? गॅस पूर्ण काढून, बिलासकट, स्वतःच्या खर्चाने पाठवा, आणि पाठवायचा खर्च लायटरच्या किमतीएवढा. स्वतः उघडावा म्हटलं तर सगळं दाबून नाहीतर चिकटवून बसवलेलं, एक सुटा पार्ट मिळत नाही. व्हॉल्व्हची दोन कवडीची रबरी रिंग गेली की अख्खा लायटर कचऱ्यात.

प्रवासाला न्यायचं म्हटलं तर विमानात जेट लायटर चालत नाही, ना खिशात ना बॅगेत. डोंगरावर नेला तर तिथे हवा विरळ, गॅस आणि हवेचं गणित बिघडतं आणि विंडप्रूफ महाशय पेटतच नाहीत, शेजारच्याचा पिवळ्या ज्योतीचा साधा लायटर मात्र मजेत जळतोय. थंडीत ब्युटेनची वाफ होत नाही म्हणून लायटर काखेत धरून बसायचं. वातीचा फ्लुइडवाला घ्यावा तर पहिल्या झुरक्यालाच पेट्रोलसारखी चव. लांब काड्या बऱ्या, गंधकाचा भपका जाईस्तोवर थांबलं की झालं, पण वाऱ्याची झुळूक आली की अर्धी पेटी संपते.

मी मागतोय तरी काय? एकच जेट. मोठी टाकी आणि गॅस किती उरलाय ते दिसायला खिडकी. ज्योत कमीजास्त करायला बोटाने फिरेल असं चाक. कॅनचं तोंड धड बसेल असा व्हॉल्व्ह. पंच नको, चकाकी नको, त्यावर कवटीचं चित्र तर अजिबात नको. पण नाही, आता म्हणे पाच जेटवाला आलाय. आणि तो पेटला नाही की कुणीतरी येऊन विचारणारच, पर्ज केला का.