टेकडीवर सायकल नेताना वेळ मोजू नका

माउंटन बाईक घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाणाऱ्या सगळ्यांना मनापासून सांगायचंय. मोबाईलमधलं वेळ मोजणारं ॲप पायथ्याशीच बंद करा. सिंहगडाचा घाट, बोपदेव घाट घड्याळ लावून जरूर चढा, तिथे डांबर आहे. वेताळ टेकडीला त्यातून वगळा.

शहराच्या हद्दीतली ही सगळ्यात उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० फूट. उन्हाळ्याच्या तोंडाशी गणेर एकही पान नसताना पिवळाधमक फुलतो, पांगारा लाल होतो, साळईच्या खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटत असतात. खाली मान घालून पेडल मारणाऱ्याला यातलं काय दिसणार? दम लागला की उतरावं, सायकल हातात धरून चालावं. त्यात कसला कमीपणा?

उतारावर तर घाई नकोच. आपल्या टेकड्यांवर काळ्या दगडावर मातीचा थर पातळ, त्यावर सुटा मुरूम. मागचा ब्रेक गच्च दाबून चाक फरफटवलं की तो थर खरवडून निघतो. तिथे चर पडतो, पावसाचं पाणी तोच चर धरतं, आणि वाटेची घळ होते. मग लोक शेजारून नवी वाट पाडतात आणि गवताचा आणखी एक पट्टा जातो. दोन्ही ब्रेक हलके लावत, वजन मागे घेत, चाक फिरतं ठेवलं तर हे टळतं. टायरमध्ये हवा थोडी कमी असली की पकडही चांगली मिळते. भर पावसाळ्यात, माती ओली असताना, तिकडे जाऊच नका.

वाट सोडून तर कधीच नाही. टिटवी उघड्या दगडगोट्यांत अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की समजावं, घरटं जवळ आहे, आणि मागे वळावं.

पायी चालणाऱ्यांचा मान पहिला. २०२३ मध्ये या टेकडीवरून जाणार असलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला विरोध करायला पुणेकर मोठ्या संख्येने टेकडीसाठी चालले. आपण जिथे चाकं फिरवतो ती जागा अशा माणसांनी राखली आहे. समोरून कुणी आजी-आजोबा आले तर पाय टेकून उभं राहा. मागून जायचं असेल तर आधी आवाज द्या, 'काका, उजवीकडून येतोय.' १९७०च्या दशकात हा खेळ जिथे रुजला, त्या कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात आज कित्येक अरुंद पायवाटांवर सायकलला बंदी आहे. चालणाऱ्यांशी खटके उडत गेले की असंच होतं. पुण्यात ती वेळ यावी असं मला अजिबात वाटत नाही.

रविवारी सकाळी गर्दी फार असते, म्हणून शक्यतो आठवड्यातला मधला दिवस धरा. तिघा-चौघांहून मोठा घोळका करू नका आणि ब्लूटूथ स्पीकर घरीच ठेवा.