आप्पांच्या प्रतिक्रियेला उत्तर: धोका नेमका कोणत्या दारातून येतो?

आप्पा, तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, आणि तिच्यातला राग मला समजतो. मागच्या लेखात निर्वासितांच्या पुनर्वसनाची बाजू घेताना देशाची सुरक्षा वाऱ्यावर सोडली, हा तुमचा मुख्य आक्षेप. त्यासाठी तुम्ही तीन दाखले दिलेत: राजीव गांधींची हत्या, २०१५ चा पॅरिस हल्ला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनला एका अफगाण माणसाने नॅशनल गार्डच्या दोन जवानांवर केलेला गोळीबार. शेवटी विचारलेत, "भुसावळ जंक्शनवर उद्या कोण उतरेल, हे तुम्हाला तरी कळणार आहे का?"

आधी तुमचं बरोबर आहे तिथे बरोबर म्हणतो. राजीव गांधी हत्येच्या खटल्यात शिक्षा झालेल्यांपैकी काही जण श्रीलंकेतून निर्वासित म्हणूनच तामिळनाडूत आले होते. पॅरिसच्या स्टेडियमबाहेर स्वतःला उडवून देणाऱ्यांपैकी दोघे ३ ऑक्टोबर २०१५ ला बनावट सीरियन पासपोर्ट घेऊन ग्रीसच्या लेरोस बेटावर उतरले होते. तिथे त्यांच्या बोटांचे ठसे घेतले गेले आणि ते पुढे निघून गेले. या दोन्ही गोष्टी मागच्या लेखात यायला हव्या होत्या. त्या आल्या नाहीत, ही माझी चूक.

पण आप्पा, या तिन्ही दाखल्यांतलं कुणीही 'पुनर्वसन' होऊन आलेलं नव्हतं. श्रीलंकेतले तमिळ होडीने थेट किनाऱ्याला लागत. लेरोसवर उतरलेले दोघे लोंढ्यात मिसळून आले. वॉशिंग्टनमधला माणूस काबूल पडल्यावर, २०२१ मध्ये, अमेरिकेने घाईघाईने विमानात भरून आणलेल्या हजारोंपैकी एक. त्याला तात्पुरता प्रवेश मिळाला होता आणि आश्रय २०२५ मध्ये मंजूर झाला. पुनर्वसनाचं दार वेगळं आहे: माणूस दुसऱ्या देशाच्या छावणीत बसून असतो आणि तिसरा देश त्याला तपासून, निवडून, मग आणतो. तपासणी आधी, प्रवेश नंतर. बाकीच्या दारांत हा क्रम उलटा असतो. सगळा फरक या क्रमात आहे.

अमेरिकेची पुनर्वसन योजना २० जानेवारी २०२५ च्या आदेशाने थांबवली गेली. त्याआधीची पद्धत अशी. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था बहुतेक नावं सुचवते. मग स्थानिक केंद्रात कुटुंबाची माहिती भरली जाते: आजोबांपर्यंतची नावं, जुने पत्ते, लष्करात नोकरी, कुठून कधी निघालात. ती नावं गुप्तचर आणि तपास यंत्रणांच्या याद्यांशी ताडतात. बोटांचे ठसे तीन ठिकाणी जातात: एफबीआय, गृहसुरक्षा खातं आणि संरक्षण खातं. त्यानंतर अधिकारी स्वतः छावणीच्या देशात जाऊन मुलाखत घेतो. नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळं विचारतो, उत्तरं जुळतात का पाहतो. मग वैद्यकीय तपासणी, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. या सगळ्याला साधारण दीड ते दोन वर्षं लागत.

आता यात मेख कुठे आहे ते सांगतो, कारण तुम्ही तिच्या जवळपास पोहोचला होतात. २०११ च्या मे महिन्यात केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन गावात दोन इराकी निर्वासित पकडले गेले. ते २००९ मध्ये रीतसर पुनर्वसन होऊन आले होते. त्यातल्या एकाचे ठसे २००५ मध्ये इराकमध्ये सापडलेल्या, न फुटलेल्या बॉम्बच्या भागावर होते. तो भाग अमेरिकी लष्कराने गोळा केला होता आणि तो एफबीआयकडे पडून होता. ठसे होते, माणूसही समोर होता, पण दोन्हींची गाठ घालून दिली गेली नाही. पुढे त्या काळात आलेल्या सुमारे ५८ हजार इराकींची पुन्हा तपासणी झाली, आणि लष्करी नोंदींशी ताडणं काटेकोर झालं. म्हणजे कमकुवत जागा होती ती दोन कपाटांतल्या नोंदींच्या मधली. निर्वासिताने खोटं बोलण्याची भीती असतेच, पण सरकारच्या एका हाताला दुसऱ्या हातात काय आहे हे माहीत नसणं ही तितकीच मोठी भीती आहे.

दुसरी अडचण उलट दिशेची, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. तपासणीच्या प्रत्येक कागदाला मुदत असते. वैद्यकीय दाखला साधारण सहा महिने चालतो, क्षयाची शंका असेल तर त्याहून कमी. ठशांची तपासणी आली तोवर वैद्यकीय संपलेलं. वैद्यकीय पुन्हा केलं तोवर घरात बाळ जन्मलं. बाळाचं नाव घातलं की पुन्हा थांबा. त्यात कित्येक कुटुंबं छावणीतच पडून राहतात. एवढी चाळण लागत असताना वाईट हेतूचा माणूस हेच दार का निवडेल? त्याला पर्यटक व्हिसा सोपा पडतो. केटो या अमेरिकी संस्थेने १९७५ ते २०१५ चा हिशेब मांडला होता: सुमारे ३२ लाख ५० हजार निर्वासितांपैकी २० जण दहशतवादी कृत्यांत गुंतले, त्यांच्या हातून तीन माणसं मेली, आणि ते तिन्ही खून १९७० च्या दशकातले. तीन जीव म्हणजे तीन घरं, हे मी कमी लेखत नाही. पण धोका मापायचा तर आकड्याने मापू.

आता भारत. तुम्ही लिहिलंत, "असले करार करून बसलोय म्हणून भोगतोय." भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. १९४६ चा परकीय नागरिक कायदा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी स्थलांतर आणि परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू आहे. त्यात निर्वासित असा वेगळा वर्ग नाही. त्यामुळे तिबेटींना नोंदणी प्रमाणपत्र, श्रीलंकन तमिळांना छावणीचं ओळखपत्र, पाकिस्तानातून आलेल्या हिंदूंना दीर्घ मुदतीचा व्हिसा (एलटीव्ही), असं प्रत्येकाचं वेगळं चाललंय. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेट्याचं प्रमाणपत्र मुदतीत नवं करून घ्यावं लागतं, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. पण त्याच कागदामुळे तो पोलिसांच्या नोंदीत असतो.

खान्देशापुरतं बोलू. जळगावच्या सिंधी कॉलनीत आणि धुळ्याच्या कुमारनगरात १९४७ नंतर आलेली घरं आता तिसऱ्या-चौथ्या पिढीत आहेत. त्यांचा प्रश्न नाही. पण त्यांचेच नातलग सिंधमधून नंतरही येत राहिले, आणि एलटीव्हीवर राहतात. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच परकीय नागरिक नोंदणी अधिकारी असतात. पाकिस्तानी नागरिकाने आल्यापासून २४ तासांत नोंद करायची असते. मग ऑनलाइन अर्ज, स्थानिक भारतीय नागरिकाचं हमीपत्र, घरी येऊन चौकशी. म्हणजे तुम्हाला हवी तशी नजर या माणसांवर आहेच.

अडतं कुठे? पासपोर्टची मुदत संपते आणि नवा करायला दिल्लीच्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयात चकरा माराव्या लागतात. उर्दूतलं नाव इंग्रजीत एक, मराठीत दुसरं. वडिलांचं नाव कधी मागे, कधी पुढे. मुलगा जळगावच्या दवाखान्यात जन्मला, महापालिकेचा दाखला मिळाला, म्हणून तो भारतीय होत नाही. १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी किमान एक भारतीय असावा लागतो. त्या पोराकडे पाकिस्तानी पासपोर्टही नसतो. त्याचं नाव वेळेवर एलटीव्हीत चढवलं नाही तर तो दोन्ही देशांच्या यादीबाहेर राहतो. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीचे नियम ११ मार्च २०२४ ला आले. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती लोकांना, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आले असतील तर, एकूण सहा वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो, आणि मुदत संपलेला कागदही चालतो. २०१८ मध्ये आलेल्याला मात्र जुनी वाट: एकूण बारा वर्षं. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या याच समाजांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याच्या शिक्षेतून सूट मिळाली. ती सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. ही गल्लत बरेच जण करतात, अर्जदारसुद्धा.

तुमचा "आधार मिळालं की झाला नागरिक" हा समज मात्र चुकीचा आहे. आधार हा रहिवासाचा आहे. मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही तो मिळू शकतो. आधारच्या कायद्यातच लिहिलंय की हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. खरा नाजूक कागद जन्मदाखला. त्यावरून शाळा, शाळेवरून बाकी सगळं.

आणि इथे मला तुमच्याहून जास्त काळजी वाटते. जन्माची नोंद २१ दिवसांत फुकट होते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. वर्षाच्या आत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वसाक्षांकित कागद. वर्ष उलटलं की पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीने हा अधिकार महसूल अधिकाऱ्यांकडे आला, आणि कामाच्या गर्दीत काही ठिकाणी आधार व प्रतिज्ञापत्र एवढ्यावर आदेश निघू लागले. अशाच उशिराच्या दाखल्यांच्या मालेगावच्या प्रकरणात विशेष तपास पथक नेमावं लागलं. राज्याने जानेवारी २०२५ मध्ये असे दाखले देणं थांबवलं आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. त्या अर्जदारांत परदेशी किती, हे तपासाने ठरेल. पण निर्वासितांच्या दारावर पहारा ठेवून या खिडकीकडे पाठ करणं परवडणारं नाही.

तरी ही खिडकी बंद करा असंही मी म्हणणार नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरीच बाळंत झालेल्या हजारो बायांच्या मुलांना हाच एक रस्ता आहे. सरदार सरोवरात बुडालेल्या आपल्या ३३ गावांच्या लोकांना तळोद्याकडे वसवताना यादीत नाव नसलेल्याचं काय होतं, हे नंदुरबार जिल्ह्याने पाहिलंय. म्हणून पुरावा तपासायचा तो असा: ग्रामपंचायतीचा नोंद नसल्याचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, भावंडांच्या नोंदी. शाळेचा उतारा मूळ रजिस्टरशी ताडायचा. आधीचे-नंतरचे क्रमांक, शाई, अक्षर पाहायचं. मध्येच घुसवलेली ओळ ओळखू येते. खोटा दाखला आणणाऱ्याकडे सहसा एकच कागद असतो, आणि खऱ्या माणसाकडे चार मळके, एकमेकांशी थोडे न जुळणारे कागद असतात. सगळं अगदी कोरं, जुळणारं असेल तर जास्त शंका घ्या.

आता भुसावळ. हावड्याहून नागपूरमार्गे आणि प्रयागराजमार्गे येणाऱ्या दोन्ही वाटा तिथे मिळतात, हे खरं. पण त्या गाड्यांतून उतरणारा बंगाली बोलणारा माणूस बहुतेक वेळा जळगावच्या सराफ बाजारात दागिने घडवणारा कारागीर असतो, मेदिनीपूरचा नाहीतर हुगळीचा. मालदा-मुर्शिदाबादची बोली सीमेपलीकडच्यासारखीच, त्यामुळे बोलण्यावरून निवाडा होत नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि ते भारतीय असल्याचं कळल्यावर परत आणावे लागले. त्या गडबडीत पोलिसांचे दिवस मात्र गेले.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: उतरणारा कोण, हे मला फलाटावर कळणार नाही, पण तो राहायला लागला की कळायला हवं. परदेशी पाहुण्याची माहिती लॉजवाल्याने २४ तासांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते. भाडेकरूची माहिती घरमालकाने पोलीस ठाण्यात द्यावी. कारखानदाराने कारागिराचं मूळ गाव, ब्लॉक, पोलीस ठाणं आणि मतदार यादीतलं वडिलांचं नाव लिहून ठेवावं. शंका आली तर ठाण्याला कळवावं, आणि खातरजमा त्याच्या मूळ जिल्ह्याच्या पोलिसांकडून व्हावी. चौकात चार जणांनी अडवून नाही. तुमच्या गल्लीत भाड्याच्या खोल्या बऱ्याच आहेत असं तुम्हीच लिहिलंय. त्यातल्या किती खोल्यांची माहिती ठाण्यात पोहोचलीय, ते आधी घरमालकांना विचारून बघा आणि इथेच कळवा.