न्यू जर्सीत नवं घर घेतलेल्या देसींसाठी काही सूचना

घर झालं, वास्तुशांत झाली, गॅरेजमध्ये टेस्ला आली. अभिनंदन! आता पक्कं अमेरिकन व्हायला एकच गोष्ट राहिली. घाबरायचं कोणाला, तेवढं शिकून घ्या.

काळ्या माणसांची सगळी माहिती टीव्हीवरूनच घ्यावी. ओळख करून घ्यायची, घरी बोलवायचं, यात उगाच वेळ जातो. रात्री अकराच्या लोकल बातम्या पुरतात. आधी गोळीबार, मग हातकड्या, मग उद्याचं हवामान.

गोऱ्या मुलाने शाळेत गोळीबार केला तर तो एकलकोंडा आणि आजारी असतो. पाठ करा.

मुलांना रॅप ऐकू द्या, बास्केटबॉलवाल्या लेब्रॉनची जर्सी आणून द्या. प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीला, कोणाबरोबर जाणार ते मात्र आधी विचारा.

आपल्यावर वेळ आली की भडकायचं. 'सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतल्या भारतीय दुकानदार अपूला 1990 पासून हँक अझारिया या गोऱ्या नटाने आवाज दिला आणि आपली पोरं शाळेत "थँक यू, कम अगेन" ऐकत मोठी झाली. 2017 साली हरी कोंडाबोलू या आपल्याच वंशाच्या कॉमेडियनने त्यावर माहितीपट काढला, 2020 साली अझारियाने अपू सोडला. मंडळाच्या पॉटलकमध्ये यावर तासभर बोलता येतं, बोलावंच. फक्त 1915 चा विषय काढू नये. त्या वर्षी एका सिनेमाने काळा माणूस म्हणजे गोऱ्या बायकांवर टपलेला राक्षस असं दाखवलं, व्हाइट हाउसमध्ये त्याचा खेळ झाला, आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लान ही काळ्यांवर हल्ले करणारी गोऱ्यांची संघटना पुन्हा उभी राहिली. हे सांगत बसलं तर बिर्याणी गार होते.

दारावर कॅमेरा हवाच. गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. हुडी घातलेला काळा मुलगा, हातात काहीतरी मोठं. खाली "सस्पिशस! बी केअरफुल". लगेच एकजण पोलिसांना फोन करायला निघाले, दुसऱ्यांना घराच्या किमतीची चिंता. तो माझ्या मुलीच्या वर्गातला मुलगा. हातात सायन्स प्रोजेक्टचा पुठ्ठा, आणि घर चुकून शेजारची बेल वाजवलेली. मी तसं लिहिलं, तर उत्तर आलं, "अहो सॉरी हं, पण काळजी घेतलेली बरी." कोणाची काळजी? पोलीस आले असते तर काय झालं असतं, ते तुम्हाला ठाऊक नाही? 1989 साली सेंट्रल पार्कात धावायला गेलेल्या बाईवर अत्याचार झाला आणि 14 ते 16 वर्षांची पाच काळी आणि लॅटिनो पोरं आत गेली. पेपरांनी त्यांना लांडग्यांचा कळप ठरवलं. ट्रम्पनी पानभर जाहिराती देऊन मृत्युदंड परत आणा म्हटलं. 2002 मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनए जुळला, शिक्षा रद्द झाल्या. तोवर त्या भोगूनही झाल्या होत्या. तीही कोणाला तरी सस्पिशसच वाटली होती!

"पण आपण वेगळे, आपण आर्य." काका, हेच भगतसिंग थिंड नावाचे पंजाबातून आलेले गृहस्थ 1923 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात सांगायला गेले होते. आर्य आहे, उच्चवर्णीय आहे, म्हणून गोऱ्यांत धरा. कोर्टाने एकमताने नाही म्हटलं.

थट्टा पुरे. 1946 च्या कायद्याने अमेरिकेत स्थायिक व्हायला अख्ख्या भारताला वर्षाला 100 जागा होत्या. शंभर! तुमचं ग्रीन कार्ड त्यात बसलं असतं? तो कोटा 1965 साली मोडला, आणि तो मोडायला लावणारी हवा अलाबामातल्या बर्मिंगहॅम-सेल्माच्या रस्त्यांवर नागरी हक्कांसाठी काठ्या खाणाऱ्या काळ्या माणसांनी तयार केली. त्यांच्या नातवंडांचे फोटो तुम्ही सस्पिशस म्हणून फिरवता आणि वर स्वतःच्या मेहनतीच्या गोष्टी सांगता. लाज वाटू द्या जरा. आधी तो फोटो डिलीट करा. मग त्या मुलाच्या आईला फोन करा, नंबर मी देतो. आणि आपसांत मराठीत हळहळत बसू नका, तिला कळेल अशा इंग्रजीत माफी मागा.