ग्रिन्यार आणि जुलैची हवा

कार्बनला कार्बन जोडणाऱ्या अभिक्रियांवर काम करणाऱ्या सरांवरचा तुमचा लेख आवडला. पॅलेडियम हा धातू उत्प्रेरक म्हणून वापरून कार्बनला कार्बन जोडणाऱ्यांना २०१० चं नोबेल मिळालं हे सगळे सांगतात, पण लेखातल्या सरांची सुरुवातीची वर्षं ईथर हे द्रावक कोरडं करण्यात, म्हणजे त्यातलं पाणी काढण्यात गेली हे कोण सांगतं? आम्ही सांगलीत एम.एस्सी.ला ग्रिन्यार अभिक्रिया (ईथरमध्ये मॅग्नेशियम घेऊन करायची; जराही ओल लागली तर सुरूच होत नाही) लावली ती ऐन जुलैत. कृष्णा फुगलेली, लॅबच्या भिंतींना ओल, आणि फ्लास्कमधलं मॅग्नेशियम ढिम्म! शेवटी लॅबमधल्या मामांनी आयोडीनचा बारका खडा टाकला. तपकिरी रंग विरला, ईथर आपोआप उकळायला लागलं आणि आम्ही बर्फासाठी पळालो.

एक खटकलं. लेखात उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, 'कधीच संपत नाही' म्हणे. कागदावर ठीक आहे हो, पण तळाशी पॅलेडियमचा काळा गाळ बसला की बहुतेक वेळा खेळ आटोपला.