साक्षीदाराचा चेहरा कसा मिळवावा

न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलात आणि पिंजऱ्यात निकाब घातलेली साक्षीदार येऊन उभी राहिली, तर गांगरू नका. आधी स्वतःचं आवरा. लंडनच्या फौजदारी न्यायालयात असाल तर घोड्याच्या केसांचा टोप सरळ करा, झग्याच्या चुण्या झटका. 'इथे असला वेगळा पोशाख चालत नाही' असं सुनावताना टोप कानावर आलेला बरा दिसत नाही.

मग शब्दांचा घोळ घाला. हिजाबात केस झाकले जातात आणि चेहरा उघडा राहतो. निकाबात डोळे तेवढे दिसतात. हा फरक ध्यानात ठेवलात तर निम्मे वाद सुरूच होणार नाहीत, मग तुमच्याकडे कोण बघणार? २०१५ साली कॅनडाच्या क्विबेक प्रांतातल्या एका न्यायाधीशांनी एका बाईंच्या जप्त झालेल्या गाडीचं प्रकरण त्यांच्या हिजाबपायी ऐकलंच नाही. टोपी आणि गॉगल चालत नाहीत, तसाच रुमालही नाही! बाईंचा चेहरा हनुवटीपासून कपाळापर्यंत समोर होता. हे चुकलं, असं अपील न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. पुरुषांनाही मोकळं सोडू नका. बोस्नियात एका साक्षीदाराने डोक्यावरची धार्मिक टोपी काढली नाही म्हणून १०,००० मार्क दंड झाला. तो अपिलात ३,००० वर आला, भरला नाही म्हणून ३० दिवस कैद. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला खरा, पण तोवर कैद भोगून झाली होती.

ओळख पटवणं वेगळं आणि साक्ष पारखणं वेगळं, याचा कुणाला पत्ता लागू देऊ नका. ओळखीला दोन मिनिटं पुरतात: बाजूची खोली, एक महिला पोलीस, ओळखपत्रावरचा फोटो. साक्षीदारापुढे पडदा लावण्यापासून तर चार हात लांबच राहा. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये २००५ साली दोन साक्षीदारांसाठी पडदा लावला. न्यायाधीश, वकील आणि न्यायालयातल्या महिला कर्मचारी यांनाच त्यांचे चेहरे दिसतील, अशी सोय झाली. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स न्यायालयातल्या न्यायाधीशांनी २०१३ मध्ये आरोपी महिलेला सुनावणीभर निकाब ठेवू दिला, फक्त साक्षीपुरता काढायचा, तोही प्रेक्षकांपासून आडोशाला. इतक्या स्वस्तात प्रश्न सुटला तर तत्त्वाचं काय होणार?

कॅनडाचं उदाहरण मात्र गिरवण्यासारखं आहे. तक्रारदार निकाब घालणारी बाई, तक्रार लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची, आरोपी नात्यातले. प्राथमिक चौकशीत तिचा वाहन परवाना काढून बघा: फोटोत चेहरा उघडा! म्हणजे श्रद्धा कच्ची. तो फोटो एका बाईने, पुरुषांच्या नजरेआड काढला होता, हे टिपणात फार ठळक लिहू नका. मग प्रकरण वर जाऊ द्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी तीन मतं दिली: दोघांच्या मते निकाब कधीच नाही, एकीच्या मते बहुतेक वेळा चालेल, उरलेल्या चौघांनी चार प्रश्न आखून दिले. श्रद्धा मनापासूनची आहे का? चेहरा झाकल्याने खटल्याच्या निःपक्षपातीपणाला गंभीर धोका आहे का? दोन्ही सांभाळता येईल असा मार्ग आहे का? नसेल, तर फायदा जास्त की नुकसान? तिसरा प्रश्न घाईघाईत वाचावा, तिथेच पडदा लपलेला असतो.

कुणी विचारलंच की चेहरा कशाला हवा, तर 'हावभाव' म्हणा आणि गंभीर व्हा. खोटं बोलणं ओळखण्याच्या प्रयोगांची २००६ मध्ये एकत्र मोजणी झाली, तेव्हा माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तर ५०. बाकीचे ४ टक्के म्हणजे तुमचा अनुभव. २०१६ च्या एका अभ्यासात तर निकाब किंवा हिजाबातल्या साक्षीदारांचं खोटं लोकांनी जास्त चांगलं पकडलं. बघण्यासारखं कमी उरल्यावर बिचारे ऐकायला लागले असावेत. हा अभ्यास वकिलांच्या हाती पडू देऊ नका. अपिलातले न्यायाधीश साक्षीदाराला न बघता नुसत्या टंकलिखित साक्षीवर निकाल फिरवतात, हेही बोलू नका. आरोपीचा साक्षीदाराला समोरासमोर तपासण्याचा हक्क हा खरा, वजनदार मुद्दा आहे. म्हणून तो शेवटी, जेवणाच्या सुट्टीआधी घ्यावा.

आणि एवढं सगळं होऊन तिने निकाब काढलाच, तर वेळ दवडू नका. पेन उघडा, मान खाली घाला आणि साक्ष संपेपर्यंत टिपणं काढत बसा.