१०९ की १३०?

जुनी गाडी बाळगणाऱ्याला भेटेल तो विचारतो, "कुठल्या सालची?" यावर "गाडीचा कुठला भाग?" असं विचारावंसं वाटतं. माझी फोक्सवॅगन बीटल कागदोपत्री १९६३ ची. दिवे नंतरचे, आसनं कुणा तिसऱ्याच गाडीची, बॅटरी १२ व्होल्टची, मुळात असायची ६ ची. आधीच्या प्रत्येक मालकाने आपापली हौस भागवून घेतली आणि एकानेही कुठे काही लिहून ठेवलं नाही.

तर या गाडीचं सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, रुसलं. किल्ली फिरवली की टक्, मग कण्हल्यासारखी घरघर, मग पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज. मेकॅनिकने लांबूनच निदान केलं.

"सेल्फ गेलं, साहेब. नवीन टाका. गाडी १२ व्होल्टची ना? मग १२ व्होल्टचं आणू."

ऐकायला बिनतोड. भोवती जमलेल्या चौघांनी माना डोलावल्या. पण सेल्फचा बॅटरीशी संबंध एका जाड तारेपुरता. त्याची खरी गाठ फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड दातेरी चाकाच्या, दात्यांशी असते. ६ व्होल्टच्या बीटलच्या फ्लायव्हीलला १०९ दाते आणि १८० मिलिमीटरची क्लच प्लेट. १९६७ च्या सुमारास कंपनी १२ व्होल्टवर गेली, तेव्हा दाते १३० झाले आणि प्लेट २०० ची. दोन्हींच्या दात्यांचा आकार वेगळा, त्यामुळे सेल्फच्या पिनियनचाही, म्हणजे त्या दात्यांत अडकणाऱ्या छोट्या चाकाचाही, वेगळा. मोठं फ्लायव्हील जुन्या बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे त्याच्याभोवतीच्या धातूच्या कवचात, घालायचं तर आतून धातू घासून जागा करावी लागते. माझ्या गाडीत बॅटरी बदलणाऱ्या त्या महाभागाने एवढा खटाटोप केला होता की नुसतेच बल्ब बदलून मोकळा झाला होता, हा खरा प्रश्न.

हे दुखणं फक्त बीटलवाल्यांचं नाही. जुन्या मिनीच्या मालकाला विचारा, तो १०७ आणि १२९ म्हणून कपाळाला हात लावेल. शेवरोलेच्या छोट्या व्ही-८ इंजिनात १५३ आणि १६८ अशा दोन जाती, आणि त्यानुसार सेल्फचे बोल्टसुद्धा एकात सरळ रेषेत, दुसऱ्यात तिरपे. १९१२ साली कॅडिलॅकने विजेचं सेल्फ आणलं, त्याआधी माणसं हँडल मारत होती. हँडल उलटून मनगट मोडायचं म्हणे, पण दाते मोजावे लागत नव्हते.

मी मात्र मोजायचं ठरवलं. बॅटरीची तार काढली, प्लग काढले म्हणजे इंजिन हलकं फिरेल, आणि सेल्फ उतरवायला गाडीखाली शिरलो. वरच्या बोल्टचा नट इंजिनाच्या बाजूला असतो. एकट्या माणसाचा हात तिथवर पोचू नये, असाच त्या जागेचा बेत असावा. भाच्याला बोलावलं. नंतर तो ३० चा पाना घेऊन पुली फिरवायला मागे उभा राहिला आणि मी सेल्फच्या रिकाम्या भोकातून टॉर्चच्या उजेडात एका दात्यावर पांढरा ठिपका देऊन मोजणी सुरू केली.

"मामा, किती झाले?"

"त्रेचाळीस. बोलू नकोस."

"बरं. मग पंचेचाळीसला सांगा, हात बदलायचाय."

"सांगतो... आता कितवा होता हा?"

पहिला हिशेब १०८ वर थांबला. आकडा शुभ, पण सेल्फच्या कामाचा नाही. पुढच्या खेपेला १११. शेवटी भाच्यानेच दर दहा दात्यांवर ठिपका द्यायची अक्कल सुचवली. हे पोरगं एवढा वेळ गप्प का होतं, तर मी बोलू नकोस म्हटलं होतं म्हणून.

१०९! म्हणजे गाडी वायरिंगने १२ व्होल्टची आणि दातांनी ६ व्होल्टची. इतकी वर्षं ते ६ व्होल्टचं सेल्फ दुप्पट व्होल्टेज खाऊन अंगात आल्यासारखं फिरत होतं.

मेकॅनिकला पटेना. त्याने आणलेलं १२ व्होल्टचं सेल्फ खोक्यातून काढून पिनियन दात्यांना लावून पाहिलं. पहिला दाता बसला, दुसऱ्याने खांदा उडवला. "फिरून फिरून बसेल," तो म्हणाला. बसलं असतं, फ्लायव्हीलचे दाते झिजवून. आणि फ्लायव्हील काढायचं म्हणजे अख्खं इंजिन उतरवायचं.

तेवढ्यात प्रेक्षकांतल्या एकाने भलत्याच गाडीचं सेल्फ सुचवलं. ते उलटं फिरतं म्हटल्यावर म्हणाला, "मग बॅटरीच्या तारा उलट्या जोडा." या जुन्या सेल्फमध्ये फील्ड (बाहेरची स्थिर वेटोळी) आणि आर्मेचर (आतला फिरणारा भाग) एकाच ओळीत जोडलेले असतात. तारा उलटल्या की दोघंही एकदम उलटतात आणि मोटर पुन्हा त्याच दिशेला फिरते. हे मी समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तरी एकदा करून बघा."

खरा रोग भाच्याच्या बोटाला लागला. या सेल्फच्या दांड्याचं टोक बेल हाउसिंगमधल्या एका छोट्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या नळीवजा कडीत, टेकतं. तो बुश झिजून लंबगोल झाला होता. दांडा डुलायचा, आर्मेचर आत घासायचं, म्हणून ते कण्हणं. सेल्फ बिचारं धडधाकट होतं. बुशच्या बाबतीतही पुन्हा तोच घोळ: बाहेरून दोन्ही सारखे, आतलं भोक ६ व्होल्टच्या सेल्फला वेगळं, १२ च्या सेल्फला वेगळं. या वेळी मी दांडाच मापून घेतला.

नवा बुश ठोकला, सेल्फमधले ब्रश बदलले, आणि गाडी पहिल्या किल्लीला उठली. मेकॅनिक म्हणाला, "मी म्हटलंच होतं, सेल्फचाच प्रॉब्लेम आहे."

पुढच्या मालकाची सोय म्हणून मी बेल हाउसिंगवर पांढऱ्या रंगाने ठळक १०९ लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर भाच्याने त्याखाली बाण काढून लिहिलं होतं: "मामांचे मोजू नका, हे माझे आहेत."