नकाशा पाहून वृद्धाश्रम निवडण्याची बिनचूक पद्धत

म्हाताऱ्या आईवडिलांसाठी वृद्धाश्रम शोधायचा म्हणजे डोक्याला ताप. दहा ठिकाणी खेटे घाला, जिन्यातला वास सोसा, अवघड प्रश्न विचारा. त्यापेक्षा वृद्धाश्रमांना मिळालेल्या शेऱ्यांवरून भाग रंगवलेला नकाशा उघडा. जो भाग हिरवा तो चांगला, जो लाल तिकडे फिरकायचं नाही. आईला हिरव्या रंगात नेऊन ठेवलं की तुम्ही मोकळे.

फक्त हा रंग भरला कसा, ते विचारू नका. अमेरिकेत नर्सिंग होमना, म्हणजे शुश्रूषेची सोय असलेल्या वृद्धाश्रमांना, एक ते पाच तारे मिळतात. त्यातला तपासणीचा भाग प्रत्येक राज्यापुरता वाटला जातो: राज्यातल्या वरच्या 10 टक्क्यांना पाच तारे, तळाच्या 20 टक्क्यांना एक, उरलेल्यांना मधले. म्हणजे यच्चयावत संस्था भिकार असलेल्या राज्यातही तपासणीत पाच तारे मिळवणारे निघणारच, आणि सगळ्याच उत्तम असतील तिथेही कुणाच्या तरी पदरी एक तारा पडणार. वर्गात पहिला आला एवढं कळतं. वर्ग कसला होता, ते विचारायचं नसतं. ब्रिटनमध्ये तर आणखी मजा. इंग्लंडचा नियामक चार श्रेणी देतो, स्कॉटलंडचा सहा. तुम्ही खुशाल तुलना करा. फूटपट्ट्या दोन असल्या म्हणून काय झालं?

शेरा कधीचा आहे हेही बघू नका. इंग्लंडच्या त्याच नियामकाच्या, केअर क्वालिटी कमिशनच्या, कारभाराचं 2024 मध्ये स्वतंत्र परीक्षण झालं, तेव्हा सुमारे पाचातल्या एका ठिकाणाला कधीच श्रेणी मिळाली नसल्याचं आढळलं. ज्यांना मिळाली होती, त्यांतल्या काहींची कित्येक वर्षांपूर्वीची. तेवढ्यात मालक बदलतो, मॅनेजर सोडून जातो, रात्रपाळीला एजन्सीची रोज नवी माणसं येतात. दारात फ्रेम करून लावलेली श्रेणी तेवढी जागची हलत नाही.

एखादा भाग लालच का, याचं उत्तर सोपं ठेवा: तिथल्या लोकांना माया नाही. पैशाचा विषय काढलात तर गुंता होतो. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने 2017 मध्ये हिशेब मांडला होता. त्याच वृद्धाश्रमात स्वतःच्या खिशातून भरणारा माणूस स्थानिक परिषदेपेक्षा (म्हणजे न परवडणाऱ्यांचे पैसे भरणाऱ्या तिथल्या नगरपालिकेपेक्षा) सरासरी 41 टक्के जास्त भरत होता. जिथे असे खिसे पुष्कळ, तिथे परिषदेच्या कमी दराचं भोक बुजतं. जिथे बहुतेक खाटा परिषदेच्या, तिथे ते उघडंच राहतं, आणि पहिली कात्री बसते रात्रपाळीला. कारण रात्री भेटायला कुणी येत नाही. त्यात जवळच्या गोदामात तासाला चार पैसे जास्त मिळत असले आणि शेवटची बस लवकर सुटत असली, की माणसं टिकणार कशी? पण नकाशावर बस दिसत नाही, त्यामुळे हा मुद्दा सोडून द्या.

अगदीच जावं लागलं, तर फोन करून, सकाळी अकराला जा. रविवारी संध्याकाळी अवचित जाणं म्हणजे असभ्यपणाच. लॉबीतली फुलं बघा, माशांची टाकी बघा, परत या. खोलीत शिरू नका. शिरलात तर कॉलबेलची दोरी वर गुंडाळून ठेवलेली दिसेल, आणि पाण्याचा ग्लास काठोकाठ भरलेला, पण हात पोचणार नाही अशा टेबलावर. ग्लास भरलेला आहे ना, मग झालं. वजनाचा तक्ता मागू नका. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरणं ही धोक्याची खूण असते, पण वय झालं की माणूस वाळतोच, असं कुणीतरी समजावून सांगेल. पटवून घ्या.

एअर बेड दिसला की निर्धास्त व्हा. पंपावरचा खटका माणसाच्या वजनानुसार लावायचा असतो, हे माहीत नसलेलंच बरं. 45 किलोच्या आजीखाली तो 90 वर असला, तर गादी फळीसारखी ताठ होते, आणि जो बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, टाळायला ती आणली, तो त्या गादीवरच होतो.

टाच तर मुळीच बघू नका. चादर वर करून लालसर जागेवर बोट दाबायचं, बोट उचलल्यावर ती जागा पांढरी पडली नाही, तर बेडसोरची पहिली पायरी आली समजायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का, ते हाताने चाचपावं लागतं. माकडहाडावरही तसंच. पोटरीखाली एक उशी सरकवून टाच अधांतरी ठेवली की बरंच काम होतं. पण उशी सरकवायला माणूस लागतो, आणि माणूस तर नकाशाने आधीच दिलेला आहे, हिरव्या रंगात.

शेवटी खाटेच्या पायाशी अडकवलेला कूस बदलल्याच्या नोंदींचा कागद. चुकून हाती आलाच, तर रात्रीचे 10, 12, 2, 4, 6 बघा: एकच पेन, एकच अक्षर, एका मिनिटाचाही फरक नाही. घड्याळाला लाजवेल असा वक्तशीरपणा. आणि सकाळी साडेसातला गेलात नि आठची नोंद आधीच झालेली दिसली, तर कौतुक करायला विसरू नका. इथले लोक वेळेच्याही पुढे आहेत.